वामनरावांचा भोंगा

मोहबोडी गावात वामनरावांचा आवाज वाघापेक्षा मोठा होता, आणि हे वाघालाही मान्य असावं. वनखात्याने वाघापासून गाव राखायला गावकऱ्यांचं पथक बनवलं तेव्हा वामनरावांना एक काठी, एक शिटी आणि बॅटरीवरचा भोंगा मिळाला. काठी म्हशीच्या वाट्याला गेली, शिटी नातीच्या. भोंगा मात्र ते उशाशी घेऊन झोपत. “माह्या जागेवर भोंगा झोपते,” असं त्यांची बायको अंजनाबाई शेजारणींना सांगे.

मोहफुलं पडायला लागली की बाया उजाडताच टोपली घेऊन जंगलात निघत. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला जनावरच वाटते, म्हणून सगळ्यांनी घोळक्यात जायचं आणि वामनरावांनी मोजायचं. बारा गेल्या, बारा परतल्या पाहिजेत. हे काम ते मन लावून करत. पण नुसती सूचना म्हणजे बिनमिठाचं वरण, म्हणून शेवटी एक मजाक.

“बाया हो, घोळक्यानं जा! अन् नवरेलोक हो, बायकोले एकटी धाडू नका. वाघाचं पोट बिघडन, अन् वनखातं आपल्याले धरन!”

गाव हसे. हापशीवर हसे, पारावर हसे, अंजनाबाईही चुलीपाशी तोंड वाकडं करून हसे. हसत नसे ती एक ललिता, दिनेशची बायको. “तिले मजाकच समजत नाई,” असा वामनरावांचा निष्कर्ष होता. तिला एक दिवस हसवायचंच, असा त्यांचा पणही होता.

एका मंगळवारी नाल्याच्या रेतीत वाघाच्या पंजाचे ताजे ठसे दिसले. वामनरावांनी खणखणीत सूचना दिली आणि रंगात येऊन पुढे जोडलं, “ज्याची बायको आयकत नसन, त्यानं दोन ठेवून द्या! वाघाच्या थापडीपेक्षा सस्त्यात पडते!”

गाव पोट धरून हसलं. तेवढ्यात ललिता टोपलं घेऊन घोळक्याकडे निघाली. दिनेश मागून आला आणि त्याने तिला सगळ्यांदेखत थप्पड मारली. टोपलं घरंगळत वामनरावांच्या पायाशी आलं.

“काऊन मारलं रे?” अंजनाबाई ओरडली.

“चहा न करता निंगाली. वामनभाऊनंच सांगतलं ना, दोन ठेवून द्या. म्या एकच ठेवली, एक बाकी आहे!”

दोनचार जण हसले. वामनरावांची मिशीही सवयीने वर चढली आणि अर्ध्या वाटेत अडकली. तीन वर्षं हा दिनेश त्यांच्या प्रत्येक मजाकीला सगळ्यांच्या आधी हसायचा आणि सगळे थांबले तरी हसत राहायचा. वामनराव त्याला आपला सर्वांत रसिक श्रोता समजत. बाकीचे हसून घरी जात आणि भाजी निवडायला बसत. हा घरी जाऊन काय करतो, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

बुधवारी बाया अकरा भरल्या. गुरुवारीही अकराच.

“ललिता कुठी आहे?”

“ते एकटीच जाते आता, आमच्या आधी,” अंजनाबाई म्हणाली. “घोळक्यात आली तं लोकं ‘एक बाकी आहे’ म्हणून हसतेत. नाल्यापलीकडच्या मोहाखाली बसते.”

ठसे नाल्यापलीकडेच गेले होते.

वामनराव भोंगा गळ्यात घालून धावत सुटले. “काठी तं घ्या!” अंजनाबाई मागून ओरडली, पण काठी म्हशीपाशी होती. आमचे वामनराव भोंग्यामागे शूर. नुसत्या पायांनी जंगलात शिरायचं म्हणजे वाळकं पान वाजलं तरी ते एक वीत उडायचे. असे उडत उडत ते मोहाखाली पोचले. ललिता फुलं वेचत होती.

“चाल व बाई, घोळक्यात चाल. इथी वाघ आहे.”

“इथी अजून दिसला नाई, भाऊ.”

वामनराव खाली बघत हळूच म्हणाले, “चुकलं माहं. माफ कर.”

“भोंगा बंद करून काऊन बोलून राह्यले?” ललिताने विचारलं. “दोन ठेवा म्हणतानी साऱ्या गावाले आयकवलं. माफी मले एकटीलेच?”

तीन वर्षांत पहिल्यांदाच भोंगा त्यांना जड लागला. त्यांनी बटण दाबलं.

“सूचना! मंगळवारी म्या सांगतलं, बायकोले दोन ठेवून द्या. ते सूचना रद्द! ते मजाक नव्हती, माही अक्कल चरायले गेली होती. दिनेश, माहं नाव घेऊन हात उचलशीन तं पयले मले मार! अन् बाया हो, लवकर इकडे या. ललिता इथीच आहे, अन् मले लय भेव लागून राह्यलं!”

शेवटचं वाक्य इतकं मनापासून आलं की आवाज चिरकला. ललिता हसली. टोपलं खाली ठेवून, पोट धरून हसली. म्हणजे तिला मजाक समजत होती तर!

अकरा बाया डबे बडवत आल्या. पुढे अंजनाबाई, हातात म्हशीची काठी. वाघ कुठे असलाच, तर एवढ्या गोंगाटाने त्याने तालुका सोडला असेल. परतताना बाराही जणी आधी दिनेशच्या अंगणात शिरल्या.

“एक बाकी आहे म्हणे तुही,” अंजनाबाई म्हणाली. “ठेव. आमी बाराजणी उभ्या आहो. अन् आज नाई ठेवली, तं यापुढं कधीच नाई. रोज येऊन पुसू आमी.”

दिनेशला अचानक आठवलं की चुलीवर चहा ठेवायचा आहे.

त्यानंतर दोनदा तो पारावर म्हणाला, “वामनभाऊ, ते जुनी मजाक सांगा ना.” कोणी हसलं नाही, तेव्हा तंबाखू मळायला लागला. बाया मात्र त्याच्या अंगणात अजूनही डोकावतात.

वामनरावांना वाटलं होतं, आता मजाकीचा झरा आटला. पण अंजनाबाईकडे त्यांच्याच फजित्यांचा तीस वर्षांचा साठा निघाला. तांबड्या वासराला वाघ समजून ते झाडावर चढले होते, ती गोष्ट तर तिने स्वतः भोंगा हिसकावून सांगितली. एक अडचण तेवढी झाली आहे. हसणाऱ्या बाया एका जागी उभ्या राहत नाहीत, त्यामुळे बारा भरेपर्यंत वामनरावांना हल्ली तीन तीनदा मोजावं लागतं.