म्हात्रे कंपाऊंडात केक जमा

नाशिकहून एसटीत बसलो तेव्हा मांडीवर केक होता आणि डोक्यात एक जुनी चूक. केक माझ्या कॉलेजच्या मित्राच्या, काशिनाथ म्हात्रेच्या साठीचा. चूक मात्र सविस्तर सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी त्याच्या लेकीच्या, माधुरीच्या साखरपुड्यात मी माईक हातात घेतला. (मला माईक देऊ नये, पण देणारे भेटतात.) कॉलेजच्या पहिल्या दिवशी काशिनाथ वर्गातल्या सरांशी आपल्या आगरी बोलीत कसा बोलला होता, त्याची साग्रसंगीत नक्कल केली. व्याही पोट धरून हसले. काशिनाथ हसला नाही. त्या दिवसापासून त्यानं माझा फोन उचललेला नाही. आताचं आमंत्रणही त्याच्या बायकोचं, सुमनवहिनींचं. "कॉलेजची सगली येतात, तुम्ही पन या. ते बोलतील का, ते मी सांगू शकत न्हाय."

माणकोली नाक्यावर उतरून रिक्षा केली. दापोड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गोदामं आणि मध्ये कंटेनर. कॉलेजात असताना इथं काशिनाथच्या भातशेताच्या बांधावर बसून आम्ही चिंबोऱ्या (खेकडे) भाजून खाल्ल्या होत्या. तो बांध आता कुठल्या शटरखाली आहे, कोण जाणे.

"म्हात्रे कंपाऊंड विचारा," असं वहिनींनी सांगितलं होतं. रिक्षावाल्यानं एका मोठ्या कमानीपाशी सोडलं. कमानीवर काशिनाथच्या वडिलांचं नाव, आत हॉलएवढ्या शेडी, बाहेर गाड्यांची रांग. म्हटलं, गड्यानं साठी काय थाटात केलीय! गेटवर गणवेशातल्या माणसानं अदबीनं केक घेतला, खोक्यावर स्टिकर चिकटवून आत पाठवला आणि माझ्यापुढे जाडजूड वही सरकवली. नाव, गाव, वेळ आणि शेवटी 'शेरा'. मला वाटलं, पाहुण्यांनी शुभेच्छा लिहायची वही. चार वर्षं जे तोंडानं सांगता आलं नाही, ते त्या रकान्यात लिहून टाकलं : 'काशिनाथ, साठीच्या शुभेच्छा. तुझी नक्कल करून मी तुला तुझ्याच कार्यात लहान केलं. चुकलो. माफ कर.'

मग रुबाबात विचारलं, "पार्टी कुठल्या हॉलमध्ये?"

"कैसी पार्टी, अंकल? ये तो साबुन का गोदाम है."

मी केक परत मागितला. त्यानं मान हलवली. "अंदर गया माल बिना गेटपास बाहर नहीं आता."

"अरे भाई, माल नहीं, केक है! पिघलेगा!"

"एंट्री हो गयी. सुपरवायझर छुट्टी पे है. जमीनवाले शेठ आके साइन करेंगे तो छोड़ देंगे."

जमीनवाले शेठ म्हणजे ही जागा भाड्यानं देणारा काशिनाथच! मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. शेवटी वॉचमननं स्वतःच्या फोनवरून लावला. "शेठ, एक अंकल केक लेके आये हैं. केक अंदर, अंकल बाहर."

दहा मिनिटांत काशिनाथ गावातल्या घरून स्कूटरवर हजर. अंगात नवा झब्बा, कपाळावर कुंकू, कुंकवावर चार अक्षता. औक्षणाच्या पाटावरून उठून आला होता. माझ्याकडे न बघता त्यानं वही ओढली, चष्मा लावला. सहीच्या जागेआधी माझा शेरा आला. तो वाचत राहिला. मागच्या कंटेनरवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

"हे रजिस्टर ऑडिटला जातं," तो अखेर म्हणाला. "तिथं काय सांगू? ह्या मानसाला माफी साबनाच्या गोदामात मागायची होती?"

"फोन उचलला असतास तर फोनवर मागितली असती."

"फोनवर तू जोक मारला असतास."

हे खरं होतं.

"माजी पोरगी त्या दिवशी मला बोलली, बाबा, सासरी मी जपून बोलेन. ते लागलं मला. तुजा जोक न्हाय लागला."

"ती आलीय?" मी विचारलं.

"आलीय. पयले तिला भेट. मंग जेव. बस मागं, केक नीट धर."

घरी गेल्या गेल्या, अंगणभर पाहुण्यांसमोर, मी माधुरीची माफी मागितली. ती आधी बावरली, मग हसली. "काका, थोडे दिवस जपून बोलले. आता माजी सासूच 'न्हाय, न्हाय' करते."

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि जिताड्याचं (खाडीतल्या मांसल माशाचं) कालवण. तिसऱ्या भाकरीला मी हात आवरता घेतला आणि नेमका तेव्हाच काशिनाथनं माईक घेतला. 'पार्टी कुठल्या हॉलमध्ये?' हे वॉचमनकडून कळलेलं माझं वाक्य त्यानं अशा नाकातल्या, इस्त्री केलेल्या आवाजात म्हटलं, की कॉलेजचे आमचे चौघे सोबती खुर्च्यांवरून घसरले. मीही हसलो. पण हसताना कान गरम झाले. मी खरंच असा बोलतो? चार वर्षांपूर्वी व्याह्यांपुढे तो कसा उभा राहिला असेल, ते मला त्या कानांनी सांगितलं.

निघताना विचारलं, "यावर लिहू का रे?"

"लिव. पन माजं बोलनं हाय तसं ठेव. वाढवू नको, सुधारू पन नको."

घरी आल्यावर दोन दिवसांनी हे सगळं त्याला फोनवर वाचून दाखवलं. त्याच्या दोन वाक्यांत मी चुकलो होतो. ती त्यानं सावकाश, मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावून, दुरुस्त करून घेतली.