डावीकडे पाहताना

माझं भांड्यांचं दुकान चौकातच आहे. काल संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी समोरून आली आणि स्टिअरिंगवर माझी मुलगी दिसली. खरं तर तिला मीच शिकवणार होतो. पण ती म्हणाली, "नको बाबा, गिऱ्हाइकावर ओरडता तसे माझ्यावर ओरडाल." ते अजून सलतंय.

आमच्या चौकात सिग्नल नाही. जो आधी ब्रेक दाबतो तो हरतो, आणि घासाघिशीवर दुकान उभं केलेल्या मला हरणं जमत नाही. ती मात्र चौकाच्या अलीकडेच वेग कमी करून थांबली. मागून रिक्षावाला ओरडला, "ताई, मुहूर्त काढताय का?" माझं डोकं तडकलं. मी तरातरा पायरी उतरलो. ती शांत होती. उजवीकडे पाहून तिने टेम्पोला जाऊ दिलं. असं थांबणं तिला माझ्याकडून कधीच शिकता आलं नसतं.

मग तिने डावीकडे पाहिलं. तिथे मी होतो. मी हात वर केला. तिची नजर माझ्यावरून सरकली, रस्ता मोकळा दिसला आणि गाडी पुढे गेली.

चौकात असंच पाहायचं असतं, हे मला कळतं. तरी वर केलेला हात लवकर खाली येईना.