सासूची गादी

गादी भरणाऱ्या बाईच्या हातात माणसाची झोप असते. तिला दुखवू नये. आणि दुखवायचंच असेल, तर आधी जमिनीवर झोपायची सवय करून घ्यावी.

ही गादीवाली लग्न होऊन आली तेव्हा दुकान सासरे चालवत. ते गेल्यावर कापूस पिंजणं, खोळ भरणं, दाभणानं टाके घालणं, सगळं तिच्याकडे आलं. नवरा गिऱ्हाईक बघायचा. तिनं भरलेल्या गादीवरून हात फिरवला, तर वारा पडल्यावरच्या तळ्यासारखी सपाट लागायची. स्वतः मात्र महिन्यातले चार दिवस ती कापसाच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची, तोंडात चिंधीचा बोळा.

"आला वाटतं हिचा पाहुणा," सासू म्हणायची. "काम असलं की नेमका येतो. अगं, बाईच्या जातीला एवढं चालायचंच."

नऊ वर्षं तिनं हे ऐकलं. मग एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं, एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखंच अस्तर बाहेर वाढतं, आतडी आणि अंडाशय एकमेकांना चिकटवून टाकतं. मूल न राहण्याचं कारणही तेच निघालं. पोटात रोज इंजेक्शनं टोचून घेत तिनं दोनदा टेस्ट ट्यूबमध्ये वाढवलेला गर्भ गर्भाशयात सोडून घेतला. दोन्ही वेळा राहिला नाही.

"आता आधी दुर्बिणीनं ऑपरेशन करू, आतलं सोडवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग तिसरा प्रयत्न. पण फार थांबू नका."

तिला ऑपरेशन हवं होतं. नवऱ्याला आईचा होकार हवा होता. आणि आईचं एकच पालुपद, "पोट चिरून पोरं होत नसतात."

त्यातच नणंदेच्या मुलाचा वाढदिवस आला. तीस माणसांत कुणीतरी तिला विचारलं, "काय, गोड बातमी कधी?" तिनं तोंड उघडायच्या आत सासू हसून म्हणाली, "अहो, खोळच फाटकी, कापूस टिकणार कसा?"

माणसं हसली. नवराही हसला, ओठांच्या कडेनं.

पुढच्या आठवड्यात सासूची गादी दरवर्षीप्रमाणे उसवून नव्यानं भरायची होती. तिनं कापूस असा पिंजला की ढगांनी लाजावं. मग त्यातला थोडा बाजूला घेऊन, सरकी घालून, ओल्या हातानं वळून, सुतळीनं आवळून तिनं लिंबाएवढे सात गोळे केले. स्वतःला जिथं जिथं दुखायचं तिथं तिथं ते ठेवले आणि वर चार बोटं कापूस पसरला. हाताला काही लागायचं नाही. माणूस तासभर पडून राहिलं की मगच ते बोलायला लागायचे.

दहाव्या दिवशी सासू कण्हत उठली. महिन्याभरात एक्स-रे झाला, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ.

"वय झालं, आई," मुलगा म्हणाला. "रिपोर्टमध्ये काही नाही."

"मग मी काय सोंग करते?"

सून तिच्या कमरेला मलम चोळत होती, बघणाऱ्याला भरून यावं इतक्या मायेनं. "मनावर घेऊ नका, आई," ती म्हणाली. "बाईच्या जातीला एवढं चालायचंच."

सासूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "तुलाही असंच होत असेल, नाही गं?"

सुनेचा हात थांबला. डोळे भरून आले, तिचा तिलाच राग आला. टोमणा तीस माणसांत मारला होता, आणि कबुली फक्त पातेल्यांनी ऐकली होती. "हं," एवढंच ती म्हणाली.

रविवारी नणंद नवऱ्यासह जेवायला आली. आईनं तिसऱ्यांदा कमर धरली तेव्हा लेक कंटाळून म्हणाली, "आई, हल्ली तू जरा जास्तच करतेस हं."

सासूनं हातातला घास खाली ठेवला. "दिसत नाही म्हणजे दुखत नाही का गं?" ती ओरडली. मग मुलाकडे वळली. "हिचं ऑपरेशन करून घे. मी चुकले. इतकी वर्षं चुकले."

कुणाचा हात ताटाकडे जाईना. सुनेनं मात्र भात वाढून घेतला.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या प्रयत्नाचं काय होईल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं. पोटावर तीन टाके घेऊन ती घरी आली, तर सासू दारातच उभी.

"बरं वाटलं की माझी गादी उसवून बघ गं. कापूस बसलाय वाटतं."

"बघते ना, आई." ती सावकाश आपल्या गादीवर आडवी झाली. "पण वजन उचलायला मनाई आहे. सहा आठवडे."

"मग ह्याला सांगू?"

"छे! ह्यांना धड टाका येत नाही. बिघडवून ठेवतील," ती म्हणाली, आणि पांघरूण ओढून गाढ झोपली.