ताप न आलेलं आजारपण

माझी वहिनी बसमध्ये कंडक्टर आहे. मागच्या दारातून तिने पुढच्या थांब्याची हाळी दिली, की ड्रायव्हरसुद्धा दचकतो. डेपोत तिला सगळे भोंगा म्हणतात आणि तीही खुशाल ओ देते. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले, तेव्हा पोर आईवर गेलं तर दादाला कानात कापूस घालून झोपावं लागेल, अशी थट्टा डेपोभर चालायची.

मुलगी झाली ती दिवस भरायच्या काही आठवडे आधी. वजन जेमतेम, पण रडणं खणखणीत. तपासण्या ठीक आल्या म्हणून दोघींना घरी सोडलं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पोरगी एकदम शांत झाली. आईला, म्हणजे वहिनीच्या सासूला, कोण कौतुक! गुणाची बाय म्हणून तिने बाळाची दृष्टही काढली.

वहिनी मात्र बाळाला छातीशी धरून बसली होती. पोरगी दूध ओढेना. एखादा घोट घ्यायची आणि मान टाकायची. थर्मामीटर लावला तर ताप नव्हता, उलट हातपाय गार लागत होते. ताप नाही म्हणजे घाबरायचं कारण नाही, असं आईचं म्हणणं.

"आई, ही शांत नाही, मलूल आहे," वहिनी म्हणाली. "मी दवाखान्यात चालले."

आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनेच बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, उभी काय राहिलीस, चपला घाल.

दादा ड्यूटीवर होता. कोपऱ्यावर एक रिक्षा दिसेना. तेवढ्यात बस आली. ड्रायव्हर डेपोतले सगळ्यात जुने, त्यांना सगळे मामा म्हणतात. वहिनी चढली खरी, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. सगळं मीच सांगितलं. ती बस पुढच्या चौकात बाजाराकडे वळायची आणि इस्पितळ नेमकं उलट्या दिशेला. मामा जागेवरून उठले आणि प्रवाशांना म्हणाले, बाळ आजारी आहे, बस तिकडे न्यायची म्हणतो, कुणाला उतरायचं असेल तर उतरा. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायाशी प्रवासाची बॅग होती. ते मघापासून सारखं घड्याळ बघत होते. सगळ्यांच्या आधी तेच बोलले.

"मामा, चला."

कुणीही उतरलं नाही. बस मधे कुठेही न थांबता इस्पितळाच्या फाटकात गेली.

बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या छातीवर बोट दाबून उचललं. पांढरा पडलेला ठसा लवकर भरून येईना. रिपोर्टची वाट न पाहता त्यांनी रक्त काढून घेतलं आणि लगेच शिरेतून औषध सुरू केलं. जंतू रक्तात गेले होते. तुम्ही वेळेवर आलात, एवढंच त्या आम्हाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पोर जरा सावरल्यावर आईने त्यांना गाठलं. इतका मोठा आजार आणि ताप कसा नाही, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

"आजी, ताप यायलाही अंगात तेवढी तयारी लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटात असताना बाळाला कुणाशी भांडायचं नसतं, उलट आईशी जुळवून घ्यायचं असतं. बाहेर पाऊल टाकलं की जंतूंची जत्राच अंगावर येते, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काही तर कामाचे. प्रत्येकावर तुटून पडलं तर बाळाचंच नुकसान, म्हणून त्याचं शरीर सबुरीने घेतं. पण खरा वैरी आत शिरला, की हीच सबुरी अंगाशी येते. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची शिल्लक थोडी, ती भराभर संपते. जंतूंशी लढायला आईकडून रक्तातून मिळणारी शिदोरीही शेवटच्या आठवड्यांतच जास्त येते, आणि ही पोर तर त्याआधीच जन्माला आली.

वहिनीचा चेहरा उतरला. म्हणजे मीच कमी पडले, असं ती पुटपुटली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, तुमचं चिकाचं दूध आहे ना, ती शिदोरीच आहे. तेव्हापासून वहिनी वाटीत दूध काढायची आणि नर्स ते थेंबाथेंबाने नळीतून बाळाला द्यायची. एक थेंब सांडला तरी वहिनीचा जीव वरखाली व्हायचा.

तान्ह्या बाळांचं शरीर अशा वेळी नेमकं कसं लढतं, याचा अभ्यास तिथे चालू होता. तपासणीसाठी रक्त काढतानाच चार थेंब जास्त घेऊ का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पोरीचा फायदा काय, अशी दादाला शंका आली.

"बसमधल्या माणसांनी विचारलं का, आमचा फायदा काय म्हणून?" वहिनी म्हणाली. दादाने मान डोलावली.

एका सकाळी नळी बदलताना पोरगी अशी काही रडली, की शेजारच्या पाळण्यातली बाळंही जागी झाली. नर्स हसायला लागली. आईने आयुष्यात चारचौघांत कधी डोळे पुसले नव्हते, तिने त्या दिवशी पदर तोंडाला लावला. औषधं पुरी झाल्यावर आम्ही घरी आलो.

वहिनी पुन्हा कामावर जायला लागली. एके दिवशी तिकीट काढताना एका म्हाताऱ्या प्रवाशाने हळूच विचारलं, ती मुलगी कशी आहे? वहिनीने बॅगेवरून त्यांना ओळखलं. तिचे डोळे भरून आले.

"दात येतायत. दिसेल त्याला चावते," तिने सांगितलं. मग विचारलं, "त्या दिवशी तुमची गाडी चुकली ना?"

"चुकली. दुसरी मिळाली."

तिने त्यांना जेवायला बोलावलं. रविवारी ते आले. पोरीने त्यांचा चष्मा ओढला, बोटही चावलं, आणि ते तिला आपल्या मांडीवरून कुणाकडे देईनात. आईने त्यांना आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं.