दिवेलागणीआधीचा झाडू

शलमोन सरांना जेवणानंतर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची सवय कधीच नव्हती. तांब्या-भांडं त्यांच्या खाटेशी असायचं आणि ते भरून ठेवायचं काम लग्न झाल्यापासून त्यांच्या बायकोचं होतं. पण यंदा नाताळ उलटला, जानेवारी सरत आला आणि सर रोज उठून आत जायला लागले. दयाबाईंनी पहिले काही दिवस लक्ष दिलं नाही. मग एकदा दाराआडून पाहिलं, तर सर पाणी पीत नव्हते. शेगडीपुढे वाकून एकेक बटण फिरवून बघत होते, मग सिलिंडरचं. सगळं बंदच होतं. सर परत येऊन आडवे झाले, तोवर दयाबाई भिंतीकडे तोंड करून झोपी गेल्या होत्या, निदान सरांपुरत्या.

कारण विचारायची गरज नव्हती. कारण वसतिगृहातल्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि त्याच्याही मागे मिरजगावच्या मुक्ताबाई होत्या.

मुक्ताबाई म्हणजे दयाबाईंची आई. त्यांचं अंगण सगळ्या गल्लीत नावाजलेलं. एका मे महिन्यात दया माहेरी गेली असताना आईने सकाळी अंगण झाडलं, हातपाय धुतले, चहा घेतला आणि पुन्हा खराटा उचलला. आत्ताच तर झाडलंस, असं दया म्हणाली, तर आई म्हणाली, आत्ता कुठं, आत्ता तर उठले. मायलेकी हसल्या. पण वर्ष-दीड वर्षात ते अंगण इतक्यांदा झाडलं जायला लागलं की वरची माती निघून खालचा मुरूम उघडा पडला. एकदा पेटती शेगडी तशीच सोडून मुक्ताबाई शेजारी जाऊन बसल्या, ते जावयानेच, म्हणजे शलमोन सरांनीच पाहिलं. शेवटी स्तोत्रं तेवढी तोंडपाठ राहिली. लेकीला मात्र त्या विचारायच्या, तू कुणाची गं.

दयाबाईंची ख्याती याच्या अगदी उलट. संगमनेरला सून म्हणून आल्या त्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मुलींच्या वसतिगृहात मेट्रन झाल्या आणि निवृत्त होईतो तिथेच राहिल्या. मुली बहुतेक पाथर्डीकडच्या, आईबाप ऊसतोडीला गेलेले. कोणत्या मुलीचा बाप कोणत्या कारखान्यावर आहे, कुणाला दूध चालत नाही, कुणाची धाकटी बहीण पुढच्या वर्षी येणार आहे, हे दयाबाईंना कागद न बघता सांगता यायचं. जुन्या मुली लेकरं कडेवर घेऊन भेटायला आल्या तरी दारातच दयाबाईंच्या तोंडून आपलं नाव, गाव आणि आईचं नाव ऐकायच्या आणि थक्क व्हायच्या. रविवारी उपासनेत पाळकसाहेब एखादं वचन अर्धवट विसरले तर मागच्या बाकावरून पुढचे शब्द हळूच कुणाकडून येतात, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर वसतिगृहाचा कारभार एंजेलाकडे गेला. एंजेला तिशीतली, शिकलेली, मनाने चांगली, पण सदा घाईत. पत्रव्यवहार तेवढा दयाबाईंकडे राहिला. देणगीदारांची, सरकारी कचेरीची, जुन्या मुलींची पत्रं आता ई-मेलने येत. दयाबाई सकाळी प्रार्थना, स्वयंपाक उरकून वसतिगृहात जायच्या, मेल उघडायच्या, उत्तरं लिहायच्या. दुपारी घरी जाऊन संध्याकाळी पुन्हा एक फेरी मारायच्या आणि कॉम्प्युटर बंद करून निघायच्या. त्यांना ते काम आवडायचं. वळणदार अक्षर कामी येत नाही एवढीच काय ती तक्रार.

नाताळ आला आणि मेलचा प्रोग्रॅम रोज सकाळी पासवर्ड मागायला लागला. पूर्वी मागत नव्हता. खिडकीत खाली एक छोटा चौकोन असे, पासवर्ड लक्षात ठेवू का असं इंग्रजीत विचारणारा. दयाबाई पासवर्ड भरत, चौकोनात खूण करत, दिवसभर सगळं सुरळीत चाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच खिडकी आणि तोच रिकामा चौकोन, जसं काही काल कुणी तिथे आलंच नव्हतं.

स्वयंपाकीण गोजरबाई पाथर्डीकडची. खिचडीचा डाव हातात घेऊन ती दारात उभी राहायची आणि बघायची. "बाई, ह्यो डबा रोज नाव इचारतोय व्हय? जावई बी दुसऱ्या खेपेला दार वळखतो की."

दयाबाई हसल्या. एंजेला मात्र हसली नाही. दयाबाई आल्याशिवाय मेल उघडत नाही आणि कामं अडतात, असं तिचं म्हणणं. पासवर्ड दयाबाईंनी तिलाही सांगितला होता. तो बारा भानगडींचा, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, मधेच चिन्ह. एंजेलाचा दोनदा चुके आणि तिसऱ्यांदा ती नाद सोडून देई. एकदा ती समजुतीने म्हणाली की मावशी, तुम्ही खूण करायची विसरत असाल, होतं असं वयाने. दयाबाई म्हणाल्या की केली होती. एंजेलाने मान हलवली. लहान मुलाचं ऐकून घेतात तशी.

त्याच रविवारी उपासनेनंतर एंजेलाने काळजीने हे शलमोन सरांच्याही कानावर घातलं. त्या दिवसापासून सरांना तहान लागायला लागली.

बसस्टँडजवळ कल्याणचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वसतिगृहाचं काम तोच करतो. माणूस हुशार, पण शंभर ठिकाणी हात अडकलेला. तो सकाळी आला, मेलचं खातं काढून पुन्हा जोडलं, पासवर्ड भरला, खूण केली, प्रोग्रॅम बंद करून उघडून दाखवला. खिडकी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली. तो पुन्हा आला. या खेपेला म्हणाला की पासवर्ड साठवायची आतली फाईल बिघडली असणार. ती बाजूला काढली, प्रोग्रॅमला नवी करायला लावली, कॉम्प्युटरसुद्धा बंद करून चालू केला. खिडकी आली नाही. कल्याणने चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी हजर.

आता मात्र गोष्ट उघड होती. कल्याणच्या हातून चालतं आणि दयाबाईंच्या हातून बिघडतं. कल्याण फोनवर म्हणाला की काकू, तुम्ही चुकून 'नको'वर दाबत असाल, नीट आठवून बघा.

दयाबाईंनी नीट आठवून बघितलं. सकाळी त्या चौकोनात खूण करताना मोठ्याने म्हणायच्या, केली. घरी जाताना रस्त्यात पुन्हा मनाशी म्हणायच्या, केली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौकोन कोरा. मग वाटायचं, आपण जे आठवतोय ते कालचं की परवाचं? आईसुद्धा खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटायचं की अंगण झाडायचं राहिलंय. दयाबाई प्रार्थनेला बसल्या की स्तोत्र अडखळत नव्हतं, पण त्याचा त्यांना आधार वाटेनासा झाला. स्तोत्रं तर आईचीही राहिली होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कल्याणला आपणहून फोन केला. म्हणाल्या, दुरुस्त करायला येऊ नको. संध्याकाळी ये आणि नुसता माझ्या मागे खुर्ची टाकून बस. मी रोज जे करते ते मी करीन. मधे बोलायचं नाही. माझं काय चुकतं ते शेवटी सांग, आणि खरं सांग.

कल्याणला हे जरा चमत्कारिक वाटलं, पण तो आला. मुली अंगणात लंगडी खेळत होत्या, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. दयाबाईंनी चष्मा पुसला आणि खुर्चीत बसल्या. परीक्षेला बसल्यासारख्या ताठ.

त्यांनी मेल उघडला. सकाळी पासवर्ड दिलेला असल्यामुळे आता त्याने काही विचारलं नाही. दोन पत्रं वाचली, एकाला उत्तर पाठवलं. मग कल्याणने नीट बघावं म्हणून मुद्दाम प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. खिडकी आली नाही. म्हणजे खूण होती. पासवर्ड आत होता. कल्याणने मान डोलावली. दयाबाईंनी मेल बंद केला. बाहेर उजेड उतरायला लागला होता. त्यांनी माउस स्क्रीनच्या कडेला नेला आणि एका चित्रावर दोनदा दाबलं. ते चित्र झाडूचं होतं.

कल्याण पुढे वाकला. मधे बोलायचं नाही हे तो विसरला. "काकू, हे काय करताय?"

"झाडू मारतेय."

"रोज मारता?"

"रोज. दिवे लागायच्या आत."

"कुणी सांगितलं?"

दयाबाईंनी मागे वळून पाहिलं. "तू."

मग कल्याणला आठवलं. मागच्या पावसाळ्यात कॉम्प्युटर फार रेंगाळत होता, तेव्हा त्यानेच तो साफसफाईचा प्रोग्रॅम बसवून दिला होता आणि जाता जाता म्हणाला होता की काकू, बंद करायच्या आधी झाडू मारत जा. तो सांगून विसरला. दयाबाई विसरल्या नाहीत. दिवेलागणीनंतर केर काढू नये हे माहेरचं वळण. घर असो, वसतिगृह असो, त्यांनी ते कधी मोडलं नव्हतं, कॉम्प्युटरलाही तोच नियम लावला.

पण पावसाळ्यापासून नाताळापर्यंत तर काही बिघडलं नव्हतं, असं कल्याण म्हणाला आणि त्याने त्या प्रोग्रॅमची यादी उघडली. काय काय झाडायचं त्याचे चौकोन ओळीने होते. प्रत्येकात खूण होती. एकही सुटला नव्हता.

"हे सगळे तुम्ही केले?"

नाताळाच्या आधी, दयाबाई म्हणाल्या. नाताळाला घराचा कोपरान् कोपरा निघतो, माळ्यावरची भांडी खाली येतात, चुना लागतो. त्याच आठवड्यात इथेही बघितलं तर चार-पाच चौकोन कोरे दिसले. इंग्रजीत काहीतरी सूचना आली, ती त्यांनी ओके केली. कोपरा सोडून झाडायचं ही काय रीत झाली?

कल्याणने एका ओळीवर बोट ठेवलं. साठवलेले पासवर्ड, असं तिथे लिहिलं होतं. दयाबाई सकाळी जे ठेवायला सांगत होत्या, ते संध्याकाळी स्वतःच केरात लोटत होत्या. त्याला हसू आवरेना. आपण दोनदा सकाळी आलो आणि संध्याकाळी एकदाही नाही, असं म्हणून त्याने स्वतःच्याच कपाळाला हात लावला.

दयाबाई हसल्या नाहीत. त्या झाडूच्या चित्राकडे बघत होत्या. कल्याणला वाटलं, चूक निघाली म्हणून वाईट वाटलं असेल. तो म्हणाला की काकू, चूक माझी आहे, सांगताना मी नीट सांगायला पाहिजे होतं.

"ते असू दे," दयाबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "मी दिवसातून किती वेळा झाडते, ते यात दिसतं का?"

असलं काही त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याने शोधलं. एका कोपऱ्यात जुन्या नोंदी होत्या. तो खाली खाली सरकवत गेला, डिसेंबरपर्यंत.

"रोज एकदा," तो म्हणाला. "संध्याकाळी. बरोबर याच सुमाराला."

"दोनदा कधी?"

"नाही. एकदाच." मग तो थांबला आणि पुन्हा वर गेला. "मधे मधे एखादा दिवस सुटलाय मात्र."

दयाबाईंनी हात मांडीवर घट्ट धरले. "कोणता?"

त्याने तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. "रविवार. प्रत्येक रविवार सुटलाय."

"रविवारी मी इथे येत नाही," दयाबाई म्हणाल्या. "रविवारी काम नसतं."

मग त्यांनी पदराने चष्मा पुन्हा पुसला, चांगला वेळ लावून. कल्याणने त्या एका ओळीची खूण काढली, त्यांच्याकडून पासवर्ड भरून घेतला, त्यांच्याच हातून झाडू मारून घेतला आणि मेल उघडला. खिडकी आली नाही. दयाबाईंनी स्क्रीनकडे निरखून बघितलं. एक कोपरा झाडायचा राहिला होता, आणि तो तसाच राहू द्यायचा होता. हे काही त्यांना फारसं पटलं नाही. दारात गोजरबाई आली होती. तिने विचारलं, डब्याने वळखलं का? दयाबाई म्हणाल्या, ओळखलं.

घरी शलमोन सर पेपर चाळत बसले होते. कल्याण काय म्हणाला, असं त्यांनी पेपरातूनच विचारलं. दयाबाई म्हणाल्या की मी झाडू मारत होते, त्यामुळे पासवर्ड जात होता.

पेपर खाली आला. झाडू हा शब्द त्या घरात साधा नव्हता. सरांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"किती वेळा मारते तेही बघून घेतलं," दयाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मशीनमध्ये लिहिलेलं असतं. रोज एकदा. रविवारी नाही."

सरांनी पेपर घडी करून ठेवला. मग उठून त्यांच्याजवळ पाटावर येऊन बसले आणि मेथीची जुडी पुढे ओढली. सरांना मेथी निवडता येत नाही. ते काड्याही पानांत टाकतात. दयाबाईंनी त्या काड्या मुकाट्याने वेचून काढल्या.

जेवणं झाली. दयाबाईंनी दूध तापवलं, गॅस बंद केला, ओटा पुसला, तांब्या भरून सरांच्या खाटेशी ठेवला. दोघांनी मिळून प्रार्थना केली. त्या दिवशी शलमोन सरांना तहान लागली नाही.