पायडल मारलेला पाय

शनिवार, १४ मार्च. सकाळपासून ऊन. नळाला पाणी उशिरा आलं. धाकटीने स्वयंपाकघरात लाथ मारून पाहिली. दाराला काही झालं नाही, विजार उसवली. दुपारी तिची स्वसंरक्षणाच्या वर्गाची परीक्षा.

थोरल्या जावेने एवढं लिहून वही मिटली, तरी धाकटी अजून पाठ भिंतीला लावून उभी होती.

"जाऊबाई, फार फाटलीय का हो?"

"फार नाही. बसायची तेवढीच."

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग धाकटीने एकदम कपाळावर हात मारला. वर्गातल्या सगळ्यांच्या पांढऱ्या विजारी तिनेच घरच्या यंत्रावर शिवल्या होत्या, आणि सगळ्या याच कापाच्या!

चौकात तिचं शिवणाचं दुकान. जन्मभर गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत घेऊन, पाय जुळवून उभं राहायचं. तिने मापं तशीच घेतली आणि कापड तसंच कापलं. स्वसंरक्षणाच्या वर्गातली माणसं फक्त नमस्कारापुरती सरळ उभी राहतात, हे तिच्या कात्रीला कुठे ठाऊक होतं!

त्या वर्गात ती गेली तीही दुकानापायी. गल्लीत कुणीतरी तिची पर्स हिसकावली आणि ती नुसती खांबासारखी उभी राहिली. मुलाने दुकानाची किल्ली काढून घेतली. "आई, पुरे झालं. आता आराम कर." तिने त्याच आठवड्यात वर्गात नाव घातलं. मुलगा हसला. "सरांच्या तावडीतून सुटून दाखव, किल्ली परत!" सर म्हणजे सहा फुटी दांडगा गडी. किल्ली कायमची आपल्याच खिशात राहणार, अशी मुलाची खात्री होती.

सुई-दोरा घेऊन दोघी जावा हॉलवर पोचल्या. पडद्याआडून एकेक विजार बाहेर येई. धाकटी आसनात, दोन पायांच्या जोडावर, चौकोनी तुकडा जोडी, थोरली दोरा तोडी. सगळ्यांचं झालं. राहिले फक्त सर, कारण ते घरूनच विजार घालून आले होते. धाकटीची पाळी आली आणि सरांनी तिचे खांदे धरले.

"सर, तुमची विजार जरा..."

"परीक्षेत बोलायचं नाही! नजर समोर! पाय हलते ठेवा!"

"अहो, पण पाय वर नका..."

सरांनी पाय वर केला. टर्रर्र!

सरांचे दोन्ही हात तिला सोडून मागे गेले. धाकटीने शिकवल्याप्रमाणे एक पाऊल बाजूला टाकलं, त्यांच्या नडगीवरच्या पॅडला एक लाथ ठेवून दिली आणि थेट दार गाठलं. हॉल हसून लोळत होता.

"हे नाही चालणार," परीक्षा बघायला आलेला तिचा मुलगा दारातून म्हणाला. "सरांचे हात गुंतले होते."

"चोराचे नसतात का गुंतलेले?" थोरली म्हणाली. "पर्स असते की हातात!"

"काकू, तुम्ही मध्ये बोलू नका. आई, मला मारून दाखव." त्याने मोठं पॅड छातीशी धरलं.

धाकटीचा चेहरा उतरला. "अरे, तुला कशी मारू?"

"मग किल्ली विसर."

किल्लीचं नाव निघालं आणि तिचा गुडघा आपोआप वर आला. चाळीस वर्षं शिवणयंत्राचं पायडल मारलेला पाय तो! धप्प! मुलगा दोन पावलं मागे धडपडला आणि चटईवर फतकल मारून बसला. खिशातली किल्ली खळ्ळकन बाहेर पडली.

"लागलं का रे सोन्या?" म्हणत धाकटी धावली. वाटेत वाकून किल्ली तेवढी उचलली.

"आई," तो तसाच बसून म्हणाला, "एवढा जोर घरातच होता, आणि मी तुला आराम कर म्हणत होतो!"

"शाब्बास!" भिंतीला पाठ लावून सर ओरडले. "पास! पण मला कुणीतरी टॉवेल द्या!"

थोरलीने टॉवेल फेकला.

संध्याकाळी किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर परतली. मुलगा कंबर शेकत बसला होता आणि धाकटी सरांच्या विजारीला चौकोनी तुकडा जोडत होती. थोरलीने चष्मा पुसून वही उघडली आणि लिहिलं: पांढऱ्या दोऱ्याचं रीळ संपलं.