इंग्लंडात बरे झालेले गुडघे

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला, सनद नावाच्या वस्तीत राहत होतो. समोरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे तिथल्या वाण्याच्या दुकानातून, दही आणायचं असलं तरी माझा नवरा गाडी काढायचा. दर सुट्टीत रत्नागिरीकडे गावी गेलो की डोंगरावरच्या देवीला नारळ द्यायची आमच्या घरची पद्धत. नवरा पायथ्याशीच बसायचा. गुडघे दुखतात म्हणे. नारळ घेऊन मी चढायचे आणि सत्तरीच्या सासूबाई माझ्या पुढे.

एका वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाने इंग्लंडमधल्या तलावांच्या मुलखाचं कौतुक केलं आणि आमची गावची सुट्टी खलास. तळ्याकाठी कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात उतरलो. बहरीनमध्ये मजुरांना असल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पाहून मी हळहळायचे. इथे हौसेच्या नावाखाली मीच त्यात चपात्या लाटत होते, बाहेर पाऊस लागलेला, आणि नवरा नवे बूट घालून रोज डोंगरावर. ‘अहो, गुडघे?’ विचारलं तर म्हणाला, ‘इथली हवाच वेगळी आहे.’

परत आल्यावर शिखरावरचा त्याचा फोटो हॉलमध्ये लागला. घरी येईल त्याला तो चढ किती अवघड होता हे ऐकावं लागे.

पुढच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा फोटोची एक प्रत त्याने आईसाठी नेली. सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ धरून नीट पाहिली. मग नारळ त्याच्या हातात दिला.

त्याने तो माझ्या हातात दिला.